नानांचा अंगठा

आमच्या असोद्यात पाहुण्याला आधी पाणी देतात, मग चहा. दामूनाना आधी त्याची नडगी दाबत.

अंगठ्याने दाबायचं, थोडं थांबायचं आणि अंगठा उचलून खड्डा राहिलाय का ते बघायचं. खड्डा नसला की, "छान! सूज नाही, पाणी नळीतच आहे," म्हणून पाठ थोपटायची. एकदा गावात मुलगी बघायला आलेल्या मुलाचीही नडगी दाबली हो! मुलीचा बाप कपाळाला हात लावून बसला. नाना म्हणाले, "मुलगा उत्तम आहे, मी पास केला."

नाना आमचे शेजारी. शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर, घरात एकटे. मी धुळ्याहून सून म्हणून आले तेव्हा केळीच्या बागांना अजून पाटानंच पाणी द्यायचे, आणि नानांचं सगळं शास्त्र त्या पाटावर चाले. "बाई गं, शरीर म्हणजे केळीची बाग. पाणी तेवढंच, वाफे हजार. ज्याला हवं त्याचं तोंड फोडायचं, बाकीच्यांचं बुजवायचं. रक्तवाहिन्या दुसरं काय करतात? कुठे आवळतात, कुठे सैल होतात." भरिताची पंगत उठली की ओरडत, "आत्ता कामाचं बोलू नका, रक्त पोटाच्या वाफ्यात गेलंय!" हे ऐकून आमचे मामंजी लगेच आडवे व्हायचे. ते आधीही व्हायचेच म्हणा.

मला मात्र म्हाताऱ्याचा वैताग यायचा. मी ताटात पापड घेतला की कुंपणापलीकडून आवाज, "मीठ कमी! मीठ पाणी धरून ठेवतं!" माझ्या ताटात याला कुठून दिसतं, देव जाणे.

मग माझं डोहाळजेवण आलं. आठवा लागला होता. कासारणीने हिरवा चुडा आणला, तर माझ्या मापाच्या बांगड्या चढेनात. दोन मापं मोठ्या घालाव्या लागल्या. बायका खूश! "अव माय, पोर कशी भरली पाहा!" धुळ्याहून आलेली माझी आई तर दृष्ट काढायला बसली. "बठ्ठं बरं शे," म्हणाली, म्हणजे सगळं ठीक आहे. माझा चेहरा पुरीसारखा टम्म फुगलेला, डोकं ठणकत होतं. पण सगळ्या एवढ्या आनंदात, मी कशाला बोलू?

ओटी भरून झाल्यावर सासूबाईंनी मला ओसरीवर नानांच्या पाया पडायला पाठवलं. मी वाकले, तर नानाही वाकले. डोक्यावर डोकं आपटलं! आणि भर बायकांत त्या गृहस्थाने माझ्या नडगीवर अंगठा दाबला.

"शिव शिव शिव! अहो नाना, सुनेच्या पायाला हात लावता?" सासूबाई किंचाळल्या.

नानांचं लक्षच नव्हतं. त्यांनी खड्डा पाहिला, मग माझं मनगट, मग चेहरा. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?"

मी मान डोलावली.

"वहिनी, ही भरलेली नाही. शिरा आवळल्यात, दाब चढलाय, पाणी बाहेर झिरपतंय. गाडी काढा."

"अहो, पंगत बसायचीय अजून!"

"पंगत गेली चुलीत!" नाना असे ओरडले की आत मामंजींची झोप मोडली.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि मला घरी सोडलंच नाही. "उशीर केला असता तर दोघींपैकी एकीचीही खात्री नव्हती," असं त्या पुढे आईला म्हणाल्या. लेक दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, पण रडली बाई खणखणीत. नाना नसते तर आज हे सांगायला मी नसते. कुणी विचारो न विचारो, मी सगळ्यांना सांगते.

सव्वा महिन्याने बाळाला घेऊन मी नानांकडे गेले आणि तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं. नानांनी तिच्या इवल्याशा नडगीवर अंगठा नुसता टेकवला. मग म्हणाले, "आमची हीसुद्धा तुझ्यासारखीच सुजली होती. मी थट्टा करायचो, माहेरचं तूप अंगी लागलं म्हणून. बाळंतपणात दोघंही गेली. तेव्हा मी गणित शिकवायचो गं. हे सगळं नंतर वाचलं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तशीच बसून राहिले. बाळ झोपून गेलं. मांडी घालून बसलेल्या नानांचा पाय आखडला होता, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"द्या नाना तिला. पायाला मुंग्या आल्या असतील."

"आल्यात," नाना हळूच म्हणाले. "येऊ देत. तिला उठवू नकोस."