गाळावयाच्या बाबीचा तपशील

आमचे शेजारी त्र्यंबकराव नेवे यांच्या घरी माशांची टाकी आहे. त्या टाकीच्या फिल्टरने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे साडू गाळले.

हा अपघात नव्हता. फिल्टरने लेखी दिल्याप्रमाणे काम केलं. साडू रुसून हिमालयात गेले अशी जी बातमी पुढे जळगावात आमच्या कॉलनीत फिरली, तिच्यात तथ्य नाही. अच्युतराव शिरोडे हिमालयात गेले असते तर हिमालयाने त्यांना दोन दिवसांत जळगावच्या गाडीत बसवून दिलं असतं. ते टाकीखालच्या कपाटात, फिल्टरच्या मधल्या टोपलीत होते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पंच म्हणून सही केली आहे.

टाकी दीडशे लिटरची, मासे सहा, सगळे गोल्डफिश. हा मासा दिसायला राजबिंडा आणि सवयीने गलिच्छ, तेव्हा साध्या फिल्टरने भागेना. म्हणून कपाटात ठेवायचा डब्याचा फिल्टर घ्यायचं ठरलं. वीस वर्षं मासे विकणाऱ्या गफूरभाई तडवींनी सांगितलं की दीडशे लिटरला तासाला सात-आठशे लिटर पाणी फिरवणारा पुष्कळ झाला. खोक्यावर छापलेला आकडा रिकाम्या डब्याचा असतो, आत स्पंज आणि मातीच्या रिंगा भरल्या आणि पाणी वर चढवायला लावलं की तो आपोआप जमिनीवर येतो.

हे ऐकायला अच्युतराव भुसावळहून मुद्दाम आले होते. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला ते कुठेही मुद्दाम जात. त्यांचं मत असं, की माणसाने प्रत्येक वस्तू एक साइझ मोठी घ्यावी. स्वतः आठ नंबरच्या पायात नऊ नंबरचे बूट घालत आणि पुढे कापूस कोंबत. त्यांनी हजार लिटरच्या टाकीचा फिल्टर उचलायला लावला. गफूरभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे पाहिलं आणि खोकं बांधून दिलं.

खोक्यात एक फॉर्म होता. त्यात रकाना होता : ‘गाळावयाच्या बाबीचा तपशील’. गफूरभाई म्हणाले, लिहा, पाण्यातली घाण. पण त्र्यंबकराव जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात एकतीस वर्षं होते. हयातभर त्यांनी लोकांची नावं गाळली, आणि तीही सुवाच्य अक्षरात. ‘घाण’ हा शब्द सरकारी कागदावर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘अनावश्यक बाबी’. खाली सही केली, तारीख घातली, आणि कोणी मागितल्या नसताना तीन प्रती काढल्या.

एवढ्या दांडग्या फिल्टरला सहा माशांची घाण किती दिवस पुरणार? दोन दिवसांत टाकीतलं काम संपलं. रिकामं बसायची त्याला सवय नव्हती, आणि फॉर्मवर ‘पाण्यातील’ असा शब्द कुठेच नव्हता. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर गेलं. मग शोकेसमधली प्लास्टिकची द्राक्षं गेली. मग ज्यांची यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती, असे चार रिमोट. त्र्यंबकरावांच्या पत्नी सुलभावहिनींचे बहिणीला, म्हणजे अच्युतरावांच्या कुंदाला, होणारे पंचेचाळीस मिनिटांचे फोन चार मिनिटांवर आले. उरलेली एकेचाळीस मिनिटं खालच्या स्पंजावर राखाडी साय होऊन बसत होती. त्र्यंबकराव खूश होते. घर कधी नव्हे इतकं मोकळं झालं होतं.

अशात अच्युतराव फिल्टर नीट चालतोय की नाही ते बघायला दोन दिवसांसाठी आले. एकविसाव्या दिवशी मी नेव्यांकडे पेपर आणायला गेलो, तर हे टाकीसमोर उकिडवे बसून मला समजावू लागले की पाणी परत सोडणारी नळी चुकीच्या कोपऱ्यात लावली आहे. “आता बघा,” ते म्हणाले, “मी नसतो तर या घरात—”

एवढं बोलून ते गाळले गेले. नळीतून थोडा वेळ घरघर आली, मग पाणी पूर्ववत चालू झालं. बूट दाराबाहेर तसेच राहिले. फिल्टरच्या मते ते उपयोगाचे असावेत.

मी म्हटलं, त्र्यंबकराव, फिल्टर उघडा. ते आतून फॉर्मची प्रत घेऊन आले. फिल्टर महिन्यातून एकदाच उघडावा असं त्यावर छापलं होतं, आणि आदल्याच दिवशी उघडून झाला होता. तेव्हा पुढली तारीख येईपर्यंत काही करता येत नव्हतं. सुलभावहिनींनी कुंदाला फोन करून सगळं सांगितलं. पण ही बातमी फोनवरून जाता जाता गाळली गेली. ते गाळले गेल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी, नवरा अजून का आला नाही ते पाहायला कुंदा स्वतः आली. पिशवीत पंचा, धुतलेला शर्ट आणि चंदनाच्या साबणाची नवी वडी होती. नवरा परगावी राहिला की आंघोळ टाळतो, हा तिचा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव.

तारीख लागली. गफूरभाईंना बोलावलं. त्यांनी वीज बंद केली, दोन्ही नळ्यांचे खटके फिरवले, डब्याचे चार चाप उघडले आणि टोपल्या बाहेर काढल्या. मधल्या टोपलीत मातीच्या रिंगांवर अच्युतराव बसले होते. कसे मावले हे मला विचारू नका. टोपली एक साइझ मोठी होती. अंगावर तपकिरी बुळबुळीत थर चढला होता. आम्हाला पाहताच ते म्हणाले की आत पाण्याचा जोर खोक्यावर लिहिल्याइतका नाही.

कुंदाने त्यांना टोपलीसकट उचललं, मोरीत नेलं आणि नळ सोडणार तोच गफूरभाई आडवे गेले.

“नळाचं पाणी लावू नका, ताई. त्यात औषध असतं. महिन्याची मेहनत पाच मिनिटांत मरते.”

“कोणाची मेहनत? यांची?” कुंदा म्हणाली.

तेवढ्यात त्र्यंबकरावांनी कायदेशीर अडचण मांडली. अच्युतरावांना बाहेर काढून उपयोग नाही. फॉर्म आहे तसा राहिला तर दुपारच्या चहाच्या आत ते पुन्हा गाळले जातील. फॉर्मला दुरुस्ती जोडावी लागेल. त्यांनी ती लगेच लिहून काढली : ‘श्री. अच्युत शिरोडे आवश्यक आहेत, कारण’, आणि पुढे एक रेघ. म्हणाले, “गाळलेली जागा जवळच्या नातेवाइकाने भरायची. दोन पंच लागतील. कारण खरं पाहिजे. खोट्या कारणाला फिल्टर जुमानणार नाही.”

कुंदाने पेन घेतलं. टोपली ओट्यावर ठेवली. मला वाटलं, बाई आता दोन ओळी झरझर खरडेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मदत म्हणून सुचवलं की भाजी आणतात. ती म्हणाली, सडकी आणतात. सुलभावहिनी म्हणाल्या, सोबत होते. कुंदा म्हणाली, “होते ना. मी झोपले की बोलायला लागतात.” टोपलीतून अच्युतराव स्वतः मजकूर सांगू लागले. मार्गदर्शन, अनुभव, दूरदृष्टी, अशी अकरा कलमं झाली. त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले, “अच्युतराव, रेघ एकच आहे.”

तरी पेन कागदाला लागेना. मी कुंदाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता. नवऱ्याला घरी न्यायचं तर एक खरं कारण पाहिजे होतं, आणि अठ्ठावीस वर्षं उलटीपालटी करून तिला ते सापडत नव्हतं. अच्युतरावांनाही ते कळलं असावं. बाराव्या कलमाशी ते अडले आणि रिंगांवर जरा खाली सरकले.

गफूरभाई मघापासून त्यांच्या दंडावरचा थर बोटाने चाचपत होते. त्यांनी बोट हुंगलं.

“ही घाण नाही, ताई,” ते म्हणाले. “हे चांगले जिवाणू. माशांच्या मुताचं विष हेच खातात. ते रिंगांवर धरतात, पण यांच्यावर जसे धरलेत तसे मी कुठे पाहिले नाहीत. टाकीतलं पाणी बघा. माझ्या दुकानात असं पाणी नाही. यांना आता काढलं, तर आठवड्यात सहाच्या सहा मासे उलटे होतील.”

कुंदा टाकीजवळ गेली. मासे काचेशी आले आणि तोंडं उघडझाप करत राहिले. मग परत येऊन तिने रेघेवर लिहिलं, ‘ते आत आहेत.’

त्र्यंबकरावांनी वाक्य दोनदा वाचलं. ‘श्री. अच्युत शिरोडे आवश्यक आहेत, कारण ते आत आहेत.’ नियमात बसत होतं. मी सही केली, गफूरभाईंनी सही केली.

“काय लिहिलंस गं?” टोपलीतून आवाज आला.

“तुमच्यावाचून चालत नाही, असं लिहिलंय.”

अच्युतराव गप्प झाले. साडूपणाच्या पंचवीस वर्षांत त्र्यंबकरावांनी ते प्रथमच ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

मग गफूरभाईंनी टाकीतलंच पाणी बादलीत काढून दिलं. कुंदाने पंचा खोचला आणि त्या पाण्यात नवऱ्याला हलक्या हाताने खळबळलं. फक्त डावी बाजू. एकाच वेळी सगळं धुवायचं नसतं, निम्मे जिवाणू राखावे लागतात. टोपली आत गेली, चार चाप लागले, वीज चालू झाली. डब्यातली हवा निघताना कोणी खाकरावं तसा आवाज आला, नंतर काही नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंदा भुसावळहून येते. एका महिन्यात डावी बाजू, पुढल्या महिन्यात उजवी. मासे आता वीतभर झाले आहेत. त्र्यंबकराव नऊ नंबरचे बूट कापूस कोंबून वापरतात आणि मोठी साइझ बरी पडते म्हणतात.

गेल्या खेपेला चाप लावण्याआधी कुंदाने अच्युतरावांना विचारलं, बाहेर यायचंय का? ते म्हणाले की नळी अजून चुकीच्याच कोपऱ्यात आहे. तिने चाप लावले.

चंदनाच्या साबणाची वडी ती दर वेळी पिशवीतून आणते. कागदही फोडलेला नाही. ओट्यावर ठेवते आणि जाताना परत घेऊन जाते. फिल्टरने ती आजवर गाळलेली नाही.