रुबेनकाकांचा रविवार

रुबेनकाका कॉरिडॉरमधून चालतात ते उजव्या भिंतीला खेटून. इथे परदेशात, एटोबिकोतल्या आमच्या कॉन्डोचा कॉरिडॉर चांगला ऐसपैस आहे, पण अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा गृहस्थ मधे म्हणून यायचा नाही. ग्रोसरीला गेले तरी कडेकडेने. मराठी मंडळाच्या नाटकालाही उजव्या टोकाची खुर्ची पकडतात. तिथून निम्मं स्टेज दिसत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, मधे या की, जागा आहे." तर म्हणाले, "मधे गर्दी असते गो. आपण लाइन सोडायची नाही. बॉल येतो."

हा बॉल गेली साठ वर्षं यायचाय.

काका फुटबॉलमधले राइट विंगर होते, उजव्या कडेने पळणारे. अलिबागजवळच्या गावातलं बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू घर. विशीत इंग्लंडला गेले आणि कापडाच्या मिलमध्ये चिकटले. मिलच्या टीममधून खेळताना कुणाच्या तरी नजरेत भरले आणि चौथ्या डिव्हिजनच्या एका क्लबने त्यांना उचललं. चौथीच्या खाली डिव्हिजनच नव्हती, हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात, म्हणजे आपल्याला बोलायला काही उरत नाही. पाच सीझन खेळले. गुडघाभर चिखल, आणि मॅच झाली की अकराच्या अकरा जण एकाच हौदात अंघोळीला. गोलकीपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त चिखल त्याच्या अंगाला.

"गोल किती मारले काका?" असं विचारणाऱ्याची ते कीव करतात. "गोल मारणं माझं काम नव्हे. मी क्रॉस टाकायचा, कडेवरून मधल्याच्या डोक्यावर." आमच्याकडे जेवायला आले तरी टेबलाच्या टोकाला बसतात आणि लोणच्याची बरणी तिथून सटकन सरकवतात. आमच्या ह्यांनी एकदा ती सोडली. बरणी खाली, लोणचं कार्पेटवर. "हेडर चुकला," काका शांतपणे म्हणाले आणि भात कालवू लागले.

शनिवारी मात्र काका कुणाला सापडत नाहीत. फोन नाही, लिफ्ट नाही, गॅस नाही. "आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे," ते अभिमानाने सांगतात. "शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचं." मी हे शंभरदा ऐकलं होतं. पण इंग्लंडात फुटबॉल कुठल्या वारी खेळत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

ते आलं जूनमध्ये. काकांच्या जुन्या क्लबचा इतिहास लिहिणाऱ्या एका हौशी गृहस्थाने त्यांना शोधून काढलं. काकांकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून मेल माझ्याकडे आली. क्लबच्या वेबसाइटवर काकांचं एक अख्खं पान करायचं होतं. फोटो, आणि खेळलेल्या प्रत्येक मॅचची तारीख. मी नाचतच त्यांच्याकडे गेले आणि मेल वाचून दाखवली. फोटोपर्यंत काका खुलले होते. तारखा ऐकल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"तारखेवरून वार कळतो ना गो?"

"कळतो की."

"मग त्याला लिही, मॅची रविवारी असायच्या."

मी बावळटासारखं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फार अदबीचं उत्तर आलं की त्या काळी तिकडे रविवारी कुणी खेळतच नसे, साहेबांची आठवण जरा गडबडली असावी. "मग नाव काढून टाक म्हणावं," काका म्हणाले. "मी खेळलोच नाही."

मला रागच आला. साठ वर्षं ज्याची कुणी विचारपूस केली नाही, ती आता कुणी करतंय, तर हे नाव पुसायला निघाले! मी चांगलीच बोलले. मग काका हळूहळू सांगू लागले. निघताना आईने एकच वचन घेतलं होतं, शनिवार मोडायचा नाही. त्यांनी मोडला, पाच वर्षं मोडला, आणि गावी लिहीत राहिले की मॅच रविवारी असते. आई गेल्यावर बहिणीने सांगितलं, की दर रविवारी आई मुलाच्या मॅचसाठी दिवसभर उपास धरायची.

"मी आदल्या दिवशी हरून झोपलेला असायचो, आणि ही बाई माझ्या नावाने उपाशी."

"काका, किती वर्षं झाली त्याला! आणि आईंना तर वाचताही येत नव्हतं."

"इथे येत नव्हतं. तिकडे गेल्यावर येत असेल."

शेवटी मीच म्हटलं, "मग त्यांनी वेबसाइटवर वाचण्याआधी तुम्हीच सांगून टाका ना."

काकांना ते पटलं. ते सांगत गेले आणि मी मराठीत लिहीत गेले. आईला लिहिलेलं पत्र चार ओळींचंच झालं. मॅची शनिवारी होत्या. मी खोटं लिहिलं. तू उपाशी राहिलीस ते मला माहीत नव्हतं. क्षमा कर.

"आता मोठ्याने वाच," काका म्हणाले. "गावात मास्तर तिला माझी पत्रं वाचून दाखवायचे, तसं. ती हो म्हणाली तर त्या माणसाला कळव, तारखा टाक म्हणून."

मी वाचलं. ते उभं राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणते?"

माझा मुलगा वॉटर्लूला होस्टेलवर राहून शिकतो. रोज फोनवर सांगतो की वरणभात केला, आणि मागून पिझ्झावाल्याची बेल ऐकू येते. आई काय म्हणत असेल, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"आई विचारतायत, कुठे लागलं तर नव्हतं ना?"

त्या गृहस्थाच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती, गुडघा मोडल्यामुळे खेळ सुटला. ती मी काकांना वाचून दाखवली नव्हती. उकाड्यामुळे काका हाफ पँटमध्ये होते, आणि उजव्या गुडघ्यावरचा टाक्यांचा लांब व्रण मला समोर दिसत होता. काकांनी खुर्चीत बसत त्याच्यावर पंजा ठेवला आणि तो पुरता झाकून घेतला.

"नाही गो आई," ते म्हणाले. "कुठ्ठे म्हणून लागलं नाही."