सोनकीचा ओला पट्टा

एका जंगलात, मुलांनो, फक्त थंडीला यायला परवानगी लागत नसे. बाकी सगळ्याला लागे.

तिथे दाजीबा नावाचा म्हातारा अजगर राहायचा. थंडीत तो कडक व्हायचा. यंदा घुबडवैद्यांनी सांगून टाकलं होतं, की पुन्हा कडक झाला तर परत मऊ व्हायचा नाही. त्याला अंगाला गरम पट्टा हवा होता. पण बाजारातल्या बॅटऱ्या विटांसारख्या. वेटोळं घातलं की बरगड्यांत रुतायच्या. अजगराला बरगड्या किती असतात, ते मोजत बसू नका.

शेजारची सोनकी गोगलगाय खटपटी होती. तिनं एक जस्ताची पट्टी घेतली, एक मँगनीजची. मधे स्वतःच्या अंगचा चिकट रस, डिंक आणि जस्ताचं मीठ कालवून केलेली ओली जेली भरली. त्या ओलाव्यातून जस्ताचे कण ये-जा करत, म्हणून वीज चाले. दुमडा, पिळा, गाठ मारा, पट्टा आपला गरम.

"सोने, पोटात ऊब आली गं," दाजीबा म्हणाला. सोनकीला इतकं भरून आलं, की तिनं दोन्ही डोळे आत ओढून घेतले.

पण बिनशिक्क्याची वस्तू वापरली तर जप्ती. म्हणून सोनकी पट्टा घेऊन गेंडेसाहेबांच्या कचेरीत गेली. कचेरी पलीकडच्याच झाडाखाली होती. तीन दिवसांत पोचली.

साहेबांनी शिक्का मारला. शाई पसरली.

"बाई, हे ओलं आहे."

"ओलंच लागतं, साहेब. वाळलं की बंद पडतं."

"ते नंतर बघू. शिक्का वाचता आला पाहिजे."

"मग वर पान चिकटवते. पानावर मारा."

"म्हणजे मंजुरी पानाला मिळेल."

"म्हातारा जायचा हो, साहेब."

"तसा वेगळा अर्ज करा."

शिपाई मुंगसानं पट्टा खडकावर उन्हात टाकला. दोन दिवसांत त्याचा पापड झाला. शिक्का मात्र सुरेख उमटला: 'लवचिक. वापरास योग्य.'

सोनकी तीन दिवसांनी घरी पोचली, तोवर थंडी पडली होती. तिनं पट्टा दाजीबाला गुंडाळायला घेतला. पट्टा कडकन मोडला. दाजीबा तोवर कडक झाला होता. ती त्याच्या पाठीवरून रात्रंदिवस फिरत राहिली, जेवढा रस होता तेवढा त्याला लावत राहिली, आणि रडली.

पुढच्या आठवड्यात गेंडेसाहेब तपासणीला आले. त्यांनी दाजीबाला टिचकी मारून पाहिली. कोरडा, टणक.

शिक्का हातात होताच. त्यांनी मारला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

तात्पर्य: कुणाला जगवायचंच असेल, तर आधी त्याला शिक्का नीट उमटेल इतकं वाळू द्यावं.