दोरीचं दुसरं टोक

श्रीधरकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी मास्तर म्हणून बाभुळगावला बदलून आलो, टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि शेजारच्या कुंपणावरून एक टक्कल वर आलं. "सर, तळ्यासाठी कोणती दोरी बरी? तरंगणारी का बुडणारी?"

मला वाटलं, म्हैस धुवायला न्यायची असेल. मग कळलं, प्रश्न मासेमारीचा आहे. मी पक्का मासे खाणारा. शेजारी मासे धरणारा निघाला म्हटल्यावर मी बायकोला त्याच संध्याकाळी मसाला वाटायला बसवलं. तो मसाला शेवटी वांग्यात गेला. कारण काका अंडंसुद्धा न खाणारे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, एकादशी चुकली तर स्वतःवरच रुसून बसणारे गृहस्थ. त्यांनी गळाचा आकडा पकडीने कापून टाकला होता.

"आकडा ठेवला अन् मासा अडकला म्हंजे?" असं ते मलाच विचारायचे.

सामान सगळं राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबाचं. साहेबाची बदली झाली, त्याने घरातली अडगळ काढली. काका तिथे लोखंडी कपाट पाहायला गेले आणि ही काठी घेऊन आले. वेतासारखी लवणारी काठी, एक चकरी, कोंबड्याच्या पिसांच्या खोट्या माशा आणि तीन जाड दोऱ्या. या विलायती तऱ्हेत गांडूळ नाही, शिसं नाही. पिसाच्या माशीला वजन कुठलं? म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं, आणि फेकायची ती दोरी. पिवळी पाण्यावर तरंगते, तपकिरी तळाला जाते, आणि तिसरी मधेच लोंबकळत राहते. या तिसरीला काका 'नायब तहसीलदार' म्हणत. "धड वर नाही, धड खाली नाही," हे त्यांचं स्पष्टीकरण.

यातली नवशिक्याने कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांनी दूधवाल्याला विचारला, पोस्टमनला विचारला, दाढी करता करता न्हाव्याला विचारला. माझ्या डोक्याला इतका ताप झाला की मी मुंबईच्या एका शौकीन मित्राला फोन करून विचारलं. तो म्हणाला, तळं असेल आणि माणूस नवखा असेल तर डोळे मिटून तरंगणारी. कुठे पडली ते दिसतं, आणि चुकली तर उचलून पुन्हा फेकता येते. मी विजयी मुद्रेने कुंपणाशी गेलो आणि निकाल सांगितला.

काकांनी मान डोलावली. "बरोबर असंल, सर. पण मंग बुडणारीचं काय?"

मी आल्या पावली घरात परतलो.

या दोऱ्यांना आणखी एक खोड असते. गुंडाळून ठेवल्या की त्यांना वेटोळी पडतात. फेकण्याआधी दोन माणसांनी दोन टोकं धरून त्या ताणून सरळ कराव्या लागतात. म्हणून काका रोज संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसून दुसऱ्या टोकासाठी माणूस शोधत. घोळक्याने येणाऱ्यांना ते हात लावत नसत. एकटा दिसला की मात्र धरलाच. आणि घरी येऊन हेच काका तीच दोरी खोबरेल तेलाच्या चिमुकल्या डब्यावर करकचून गुंडाळायचा. मी म्हटलं, "काका, मोठ्या डब्यावर सैल गुंडाळा. वेटोळी पडणारच नाहीत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शाळेत मला कुणी चुकून घेतलं असावं.

शेवटी काकूंनीच मला गप्प केलं. एका दुपारी हरभऱ्याची भाजी द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, त्याइले हसू नका. दिगूभाऊजी त्याच तळ्यात गेले."

कापसाची ती वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायचा धीर होत नसे. दिगंबर हा काकांचा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये सुपरवायझर. जिनिंग बंद पडलं आणि तो बोलेनासा झाला. एका संध्याकाळी तो तळ्यावर गेला. काका तिथेच पाळीवर बसले होते. "तवापासून तिथं कोणी एकटं दिसलं का याइचा जीव थाऱ्यावर राहत नाही," काकू म्हणाल्या. "दोरीचं तं निमित्त हाय."

माझं हसणं तिथेच संपलं. मी रोज काकांबरोबर पाळीवर जाऊ लागलो.

एका संध्याकाळी चाळिशीतला एक अनोळखी माणूस आला. सदरा धुतलेला, दाढी केलेली. पाण्याच्या कडेला त्याने चपला काढल्या, एकीला एक जोडून ठेवल्या आणि उभा राहिला. पाय धुवायचे असतील, असं मला वाटलं. पण काका माझ्या शेजारून कधी उठले ते कळलंच नाही.

"ओ भाऊ! हे टोक धरता का जरा?"

"मले काम हाय."

"करजा मंग. दोन मिनिटं धरा."

दोरी त्याच्या हातात पडलीसुद्धा. काका मागे मागे जात दोरी सोडत राहिले. "आता सांगा, तरंगणारी घेऊ का बुडणारी?"

"मले का समजते त्यातलं?"

"मले तरी कुठं समजते? म्हणून तं विचारून राह्यलो."

त्या माणसाने दोरी निरखली, टोकाचं पीस उलटसुलट केलं. "आकडा कुठं हाय इले?"

"कापला."

"मंग मासा कसा लागंल?"

"लागू नये म्हणूनच तं कापला."

तो काकांकडे पाहत राहिला. आधी हसला, मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "ढिली सोडू नका, भाऊ," काका एवढंच म्हणाले. त्यानेही दोरी सोडली नाही. एका हाताने डोळे पुसत राहिला. मला तिकडे पाहवेना.

अंधारू लागलं तेव्हा काका म्हणाले, "उद्या येजा. नायब तहसीलदार ताणायचा राह्यला. माह्या एकट्याच्यानं होत नाही."

"येतो," तो म्हणाला. चपला घालून गावाच्या वाटेला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत काका उभे होते. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

"दिगूनंही चपला अशाच काढल्या होत्या, सर. जोडून. मले वाटलं, पाय धुवून राह्यला. मी पेपर वाचत राह्यलो."

मी दोरी उचलली आणि तेलाच्या डब्यावर गुंडाळू लागलो. काकांनी बोट लावून पाहिलं.

"अजून घट्ट, सर," ते म्हणाले. "उद्या ताणायले वेटोळी पाहिजे."