क्लेटसची सोन्याची पारख

"सोन्याच्या बाबतीत मला साक्षात सैतानसुद्धा फसवू शकणार नाही!" असं म्हणत क्लेटस बॉमगार्टनरने खिशात लोहचुंबक, भिंग, कानस आणि आम्लाची बाटली कोंबली. एवढ्या तयारीने लोक दरोडा घालायला जातात. हा चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीला निघाला होता. उद्या त्याच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. जुन्या घडणीचं, भरीव सोन्याचं घड्याळ देऊन बायकोला, अर्लीनला, थक्क करायचंच असा त्याने चंग बांधला होता. अर्लीन सकाळीच चर्चमध्ये केक कापायला गेली होती.

विक्री ग्लॅडिसबाईंच्या ताब्यात. टेबलावर आलं ते विकायला आलं, हा त्यांचा नियम. मागच्या वर्षी त्यांनी पाद्रीबाबांचा कोट बाबांच्या डोळ्यांदेखत विकला होता! बाबांनी अख्खा हिवाळा स्वेटरवर काढला.

बशांच्या ढिगाशेजारी क्लेटसला लाल पट्ट्याचं नाजूक बायकी घड्याळ दिसलं. त्याने ते झटकन उचललं.

"ग्लॅडिस, हे सोन्याचं आहे?"

"चमकतंय तर! आत्ताच किमतीची चिठ्ठी लावली. घेतोस की नुसता हाताळतोस?"

"पारखल्याशिवाय? आणि मी?"

झालं! माणसं गोळा झाली. क्लेटसने चुंबक लावलं. घड्याळ चिकटलं नाही.

"सोनंच!" शेजारचा ड्वाइट ओरडला.

"पितळही चिकटत नसतं, शहाण्या!" क्लेटसने मागचं झाकण उघडून भिंग लावलं. आत चौदा कॅरेटचा शिक्का होता. पण त्याच्यापुढे मुंगीएवढी दोन अक्षरं होती. पितळेवर सोन्याचा पत्रा असल्याची ती खूण! खात्रीसाठी त्याने कडेला कानस मारली आणि आम्लाचा थेंब सोडला. थेंब हिरवागार होऊन फसफसला.

"बघा! वर पापुद्रा, आत पितळ! हे ज्या गाढवाने भरीव सोनं म्हणून घेतलं ना, त्याची गावातून वरात काढायला हवी!"

लोक खो खो हसले. तेवढ्यात हात पुसत अर्लीन आतून आली.

"केक कापताना इथे काढून ठेवलेलं माझं घड्याळ कुणी पाहिलं का?"

क्लेटसच्या हातातलं भिंग गळून पडलं. हे तर लग्नात त्याने स्वतःच दिलेलं घड्याळ! भरीव सोनं म्हणून, छाती फुगवून!

"पण... पट्टा तर काळा होता," तो कसाबसा पुटपुटला.

"नाताळात बदलला. तुला दाखवला, तर तू म्हणालास, 'सूप छान झालंय.'"

"अर्लीन, मला खरंच ते सोनं वाटलं होतं गं!"

"ठाऊक आहे. लग्नानंतर दुरुस्तीला नेलं, तेव्हाच घड्याळजीने सांगितलं मला."

क्लेटसने आ वासला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"देताना केवढा खूश होतास रे! तुझा तो चेहरा पडलेला मला बघवला नसता."

क्लेटसला भरून आलं. "उद्या खरं घेऊन देतो तुला!"

"दे की. पारखायला मात्र मी येणार."

त्याने घाईघाईने घड्याळ तिच्या मनगटाला बांधायला घेतलं, तोच ग्लॅडिसबाईंचा हात आडवा आला.

"थांब! टेबलावरचं आहे. आधी पैसे!"

क्लेटसने मुकाट्याने पैसे मोजले. एकच पितळ दोनदा विकत घेणारा गावातला तो पहिलाच पारखी!