पोझिशन सांग, पोरी

उंब्रजच्या एसटी स्टँडवर पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा एक म्हातारा समोर उभा राहून "जरा फोन बघू तुमचा" म्हणाला, तर घाबरू नका. त्याला फोन करायचा नसतो. तो तुमच्या फोनवर काहीतरी शोधतो, मान डोलावतो, "जय हिंद" म्हणून फोन परत देतो आणि पुढच्या बाकड्याकडे वळतो. एकदा त्यानं कंडक्टरचाच फोन घेतला आणि म्हसवडची गाडी खोळंबली.

हे आमचे सुभेदारकाका, माझ्या वडिलांचे शाळासोबती. फौजेतून परतल्यावर त्यांनी काकींच्या कांदा-लसूण चटणीची वेबसाइट काढायचं डोक्यात घेतलं आणि थेट कराडला माझ्याकडे आले. वेबसाइट बनवायची, आणि लोकांनी काही शोधलं की ती वरच्या नंबरात आणायची, हाच माझा धंदा. तेव्हापासून रोज सकाळी आठला माझा फोन वाजतो. कशी आहेस, चहा झाला का, काही नाही.

"जय हिंद. पोझिशन सांग, पोरी."

वेबसाइटची पहिली तपासणी त्यांनी उभ्यानं केली. वरची चित्रं आपोआप सरकत होती. "ही का पळत्यात? सावधान उभी कर." मग मध्येच ई-मेल मागणारी चौकट उघडली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चोरलंय.

"दारात पाव्हणा आला की आदी पाणी देत्यात का आधार कार्ड मागत्यात?"

चौकट गेली. खरं सांगते, शिकलेल्या गिऱ्हाइकांनी मला एवढं शहाणपण कधी शिकवलं नाही. अक्षरांचं मात्र अति झालं. "चष्मा पिठाच्या डब्यावर ऱ्हायला तरी वाचता आलं पायजे," म्हणत त्यांनी ती इतकी मोठी करून घेतली, की एका वेळी फोनवर चारच शब्द मावायचे. मग बोलून कसं शोधायचं ते त्यांनी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं. "हाताला चटणी असली तर मान्सानं काय नाकानं टाइप करायचं?" मी म्हटलं, हाताला चटणी असताना चटणी कोण शोधतंय? "आसतंय कोन तरी," म्हणाले आणि पुठ्ठा घेऊन गेले.

आठवड्याभरात पेढे आले. कांदा-लसूण चटणी शोधली की पहिली आपलीच येते, म्हणून काकांनी अख्ख्या आळीत वाटले होते. मी माझ्या फोनवर शोधून दाखवलं. आम्ही तिसऱ्या पानावर होतो. तुम्ही तेच पान दिवसातून पन्नास वेळा उघडता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला ते आधी दाखवतो, असं समजावलं.

"म्हंजी माजाच फोन मला मस्का लावतोय?"

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या फोनवर विश्वास ठेवणं सोडलं आणि स्टँडवर लोकांचे फोन मागायला लागले.

खरी अडचण त्यांनीच करून ठेवली होती. पानाच्या माथ्यावर त्यांना फक्त 'शालन, उंब्रज' हवं होतं. शालन हे काकींचं नाव. चटणीचा उल्लेख खाली कुठंतरी. मी परोपरीनं सांगितलं, की काका, लोक चटणी शोधतात, शालन कोण शोधणार? निदान आधी चटणी लिहू, मग नाव.

"आदी शालन."

"मग आपण तिसऱ्याच पानावर राहणार."

"ऱ्हाऊ."

मला संताप आला. काकींची चटणी एवढी झणझणीत, पण या हट्टापायी ती तालुक्याबाहेर पोचत नव्हती. दिवाळी तोंडावर आली, तशी मी ठरवलं की आता काकींनाच विचारायचं. दुपारी उंब्रजला गेले. काका ओसरीत मिरच्यांची देठं काढत होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे खूण केली.

काकी परातीत चटणी कालवत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, वर भिंतीवर माझा तो पुठ्ठा. काकी वाकल्या आणि हळूच, लाजत फोनला म्हणाल्या, "शालन, उंब्रज."

पान उघडलं. मोठ्या अक्षरांत नाव आलं. काकींनी ते ओठांतल्या ओठांत वाचलं, गालात हसल्या आणि पुन्हा कालवायला लागल्या.

"रोज बघती," काका कुजबुजले. "लगीन होऊन ह्या घरात आली, तवापासनं तिला नावानं कुनी हाक मारली न्हाई. आदी धाकली सून, मग फौजीची बायकू, आता सुभेदारीन. मी बी 'आगं'च म्हनतो. फौजेतनं पत्रं धाडली ती समदी वडलांच्या नावानं. खाली एक ओळ, घरी सर्वांना नमस्कार. तिच्या नावाचं एकबी पत्र मी टाकलं न्हाई, पोरी."

मी पण इतकी वर्षं काकीच म्हणत आले होते.

"तिचा फोन बी तिला मस्काच लावत आसंल," काका म्हणाले. "म्हनून स्टँडवरच्या फोनांवर बघून येतो. तिचं नाव टाकलं की पैली तीच येती. कंडक्टरच्या फोनवर बी आली."

मला स्वतःचाच राग आला. हा माणूस स्टँडवर चटणी शोधतोय असंच मी धरून चालले होते.

घरी येऊन मी वेबसाइटला चटणीचं एक वेगळं पान जोडलं. पहिल्या पानाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला. "जय हिंद. पोझिशन?"

मी आधीच आईच्या फोनवर शोधून ठेवलं होतं. तिनं ही वेबसाइट कधी उघडलेली नव्हती. म्हटलं, "शालन, उंब्रज. पहिला नंबर, काका. आता एकदा तुमच्या तोंडूनही येऊ द्या."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि कवायतीला देतात तशी दणदणीत हाक.

"शालन! आगं शालन, कराडच्या पोरीचा फोन हाय!"

आत कसलातरी डबा खाली पडला.