घरच्या मोठ्या माणसाची सही

कादंबरी लिहिण्यास एक मनुष्य पुरतो. ती निर्दोष करण्यास मात्र भाऊबंद लागतात. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. तथापि रनाळे, तालुका नंदुरबार येथील श्री. अमृत गिरधर पाटील यांच्या पहिल्या कादंबरीचा आठ वर्षांचा प्रवास मी जवळून पाहिला असून त्याच्या दिनांकवार नोंदी माझ्याकडे आहेत.

अमृत हे माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक आहेत. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेल्या मातीचा सामू (म्हणजे पीएच) मोजणे आणि तो त्यांच्या अपेक्षेप्रमाणे का नाही हे समजावून सांगणे, हे त्यांचे काम. अशा उपयुक्त माणसाने कादंबरी का लिहावी, याचे शास्त्रीय कारण मला आढळले नाही. कौटुंबिक कारण होते. त्यांना एक आत्या आहे (आमच्याकडे फुई म्हणतात). तिचे नाव धनुबाई. पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ती तापीकाठच्या प्रकाशा गावापलीकडच्या सासरहून एक डबा घेऊन चालत निघाली आणि परत गेली नाही. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे जेथे मैलभर लाल मिरची वाळत घालतात तेथे, तिने निवडणीचे काम धरले. आज ती तेथील मुकादम आहे. या काळात पाटील कुटुंबात सत्तावीस लग्ने झाली आणि सत्तावीस पत्रिका छापल्या गेल्या. त्यांपैकी धनुबाईचे नाव असलेल्या पत्रिका: शून्य.

हे नाव एकदा कोठेतरी छापून यावे, एवढाच अमृत यांचा साहित्यिक हेतू होता. (समीक्षकांनी पुढे यात इतरही हेतू शोधले असते, पण समीक्षकांपर्यंत पुस्तक गेले नाही.) कादंबरीतील इतर सर्व नावे त्यांनी कल्पनेने ठेवली. खरे नाव एकच ठेवले.

पहिला खर्डा एकशे शहाऐंशी पानांचा झाला. तो पुण्याच्या एका प्रकाशकांकडे गेला. चौदा महिन्यांनी उत्तर आले: "लेखनात जोम आहे, मात्र पुनर्लेखन आवश्यक." अमृत यांनी वर्षभर पुनर्लेखन केले. उत्तर आले: "पूर्वीचा जोम हरवला आहे." तेव्हा त्यांनी पहिलाच खर्डा नव्या कागदावर काढून तिसरा म्हणून पाठवला. उत्तर आले: "लक्षणीय सुधारणा जाणवते. पुढील वर्षी विचार करू." पुढील वर्षी त्या प्रकाशकांनी कादंबऱ्या बंद करून स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके सुरू केली. परिश्रमाने लेखन सुधारते, हा सिद्धान्त येथपर्यंत तरी अबाधित राहिला.

यानंतर हस्तलिखित पन्नालालजींकडे आले.

पन्नालालजी हे नंदुरबारातील छापखान्याचे मालक. त्यांचे आजोबा मारवाडातून आले. चाळीस वर्षे ते लग्नपत्रिका छापत आहेत आणि त्यांचा नियम एकच आहे: घरच्या मोठ्या माणसाची सही असल्याशिवाय मजकूर यंत्रावर चढत नाही. हा नियम अनुभवजन्य आहे. पूर्वी एकदा एका पत्रिकेत नवरीच्या धाकट्या मामाचे नाव राहून गेले. त्या मामाने आपल्या गावच्या आठ ट्रॅक्टरांसह अर्ध्या वाटेतून परत फिरण्याचा निर्णय घेतला, आणि जेवण उरले ते तीन दिवस.

"पण ही कादंबरी आहे," अमृत म्हणाले.

"नाव आहेत ना त्यात?" पन्नालालजींनी विचारले.

"आहेत."

"मग सही पाहिजे."

तर्कात दोष नव्हता. कच्चे मुद्रित रनाळ्याला गेले.

घरचे मोठे माणूस म्हणजे अमृत यांचे वडील, गिरधर आबा, वय चौऱ्याहत्तर. पंचक्रोशीतील कोणतीही पत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शुद्ध मानली जात नाही. कोणाच्या नावामागे 'कै.' लावायचे, कोणाच्या नावापुढे 'माजी सरपंच', आणि भांडण चालू असलेले दोन चुलतभाऊ एका ओळीत कसे बसवायचे, हे शास्त्र त्यांच्याकडे आहे. त्यांनी प्रथेप्रमाणे ओट्यावर भाऊबंदांची बैठक बोलावली. तेवीस जण आले. चहा झाला. मुद्रित हातोहात फिरले. प्रत्येकाने आपले नाव शोधले.

"अमरूत, मन्हं नाव कठे शे?" सर्वांत ज्येष्ठ धुडकू आप्पांनी विचारले. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत.

"आप्पा, हाई कादंबरी शे. पत्रिका नही."

"मंग छापस कसाले?"

या प्रश्नाचे उत्तर साहित्यशास्त्रात मला आजतागायत सापडलेले नाही. धुडकू आप्पांचे नाव घालण्यात आले. ज्येष्ठतेनुसार ते प्रथम यावयास हवे होते, म्हणून कादंबरीचे पहिले वाक्य, जे आधी "पहाट झाली" एवढेच होते, ते "धुडकू आप्पांच्या आशीर्वादाने पहाट झाली" असे करण्यात आले.

पुढील दोन वर्षांत सात मुद्रिते झाली. त्यांचा गोषवारा देतो. पात्रांची संख्या नऊवरून एकशे सदतीसवर गेली. मृत्यू चार होते ते शून्यावर आले (छापील मृत्यू अपशकुनी ठरला, दोन पात्रे मात्र आधीच स्मशानात पोहोचली होती, त्यांना तेथून पायी घरी आणावे लागले). भांडणे अकरा होती, ती मिटवण्यात आली; मिटवताना नवीन तीन झाली, पण ती ओट्यावर. एका चुलत्यांनी आपल्या पात्राच्या दाराशी ट्रॅक्टर मागितला. तो दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या भावाने ट्रॉलीसह मागितला.

खलपात्राचा प्रश्न सर्वांत गहन होता. मुळात तो सासरचा दीर होता. "व्याही काय म्हनतीन?" असा मुद्दा आल्याने त्यास धुळे जिल्ह्यात हलवले. तेथे एकाच्या सुनेचे माहेर निघाले. मग त्यास गुजरातेत पाठवले. निझरकडे दोघांच्या मुली दिलेल्या निघाल्या. अखेरीस त्या जागी बोंडअळीची नियुक्ती झाली. तिचे या भागात कोणाशीही सोयरसंबंध नाहीत. बैठकीने हा बदल एकमताने आणि काहीशा उत्साहाने मंजूर केला.

अमृत यांनी हे सर्व मान्य केले. सामू मोजणाऱ्या माणसाच्या अंगी असते त्या शांतपणे ते प्रत्येक वेळी घरी जात आणि नवे पान लिहीत. एकच गोष्ट ते मान्य करीत नव्हते. प्रत्येक मुद्रितात गिरधर आबा धनुबाईच्या अकरा प्रकरणांवर लाल पेनाने तिरकी रेघ मारत. प्रत्येक पुढच्या मुद्रितात ती प्रकरणे पुन्हा असत. सात वेळा काढली, सात वेळा आली.

"आबा, ती काढी तं उरस काय?"

"एकशे छत्तीस मानसं उरतस. कमी शेतस का?"

आतून शोभाबाई, म्हणजे अमृत यांच्या मातोश्री, चहाचे पातेले आपटत म्हणाल्या, "धनुबाईनी मिरची सालभर खातस, आन तिन्हं नाव तिखट लागस का?"

बैठकीने या सूचनेची नोंद घेतली नाही. (त्या वर्षीचे तिखटही पथारीवरूनच आले होते. हे मी तपासले आहे.)

सातवे मुद्रित घेऊन अमृत छापखान्यात गेले, तेव्हा मी सोबत होतो. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि म्हणाले की आता पुरे, कागद परत द्या. पन्नालालजींनी चष्मा काढून पुसला.

"अमृतभाऊ, चाळीस बरस झाले. लगनाची तारीख मी मोठ्या टायपात टाकतो, लाल शाईत. तरी लोक फोन करून पुछतात, लगन कधी आहे? मी सांगतो, पत्रिका हातात आहे ना? म्हणतात, हो, हातातच आहे." चष्मा पुन्हा चढला. "माणूस आपल्या नावापर्यंत वाचतो. पुढे कागद असतो."

हे चाळीस वर्षांचे निरीक्षण होते. नमुना मोठा होता. अमृत यांनी ते प्रमाण मानले.

आठव्या मुद्रितात प्रारंभी चार पाने नावांची होती. वर कुलदेवता प्रसन्न, खाली विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त मित्रपरिवार, आणि शेवटी पाच नातवंडांची 'किलबिल', "आमच्या काकांच्या कादंबरीला नक्की यायचं हं!" या ओळीसह. एकशे छत्तीस नावे, ज्येष्ठतेनुसार. पाचव्या पानापासून पहिला खर्डा होता, जसा होता तसा: नऊ पात्रे, चार मृत्यू, एक दीर, अकरा प्रकरणे.

गिरधर आबांनी चारही पाने बोट ठेवून तपासली. त्यास पन्नास मिनिटे लागली. एका नातवापुढील 'इंजिनिअर' राहिले होते, ते त्यांनी स्वहस्ते घातले.

"बाकी बराबर शे ना?" त्यांनी विचारले.

"पहिलासारखं शे," अमृत म्हणाले. यातील एकही शब्द खोटा नव्हता.

सही झाली. तीनशे प्रती निघाल्या. त्या घरोघर अक्षता ठेवून वाटण्यात आल्या. बारा जणांनी आहेर पाठवला, एकाने टॉवेल-टोपी. सर्वत्र एकच अभिप्राय होता: कादंबरी फार चांगली झाली, कोणी राहिले नाही.

चार महिन्यांनंतर मी साठ घरांतील प्रती पाहिल्या. अंगठ्याच्या खुणा सर्व प्रतींत पृष्ठ एक ते चारवर दाट. पाचव्या पानापासून अठ्ठावन्न प्रती अस्पर्शित. उरलेल्या दोहोंपैकी एक माझी.

दुसरी पथारीवर होती. धनुबाईंना वाचता येत नाही. अमृत यांच्या पत्नी चारुलता यांनी अकरा रविवार मिरचीच्या ढिगांमध्ये बसून, नाकाला पदर लावून, त्यांना ती संपूर्ण वाचून दाखवली. अकराव्या रविवारी मीही गेलो होतो. लेखकाच्या अपेक्षा अशा प्रसंगी मोठ्या असतात. अमृत यांचे कान लाल झाले होते (मिरचीचा परिणाम वगळता).

धनुबाई बराच वेळ देठ मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेस शे. एक गोट चूक शे."

"कोनती, फुई?"

"त्रेसष्ट पानवर. भाऊ माले लेवाले उना तो दिन. मी रडी ऱ्हायनू अशे लिखेल शे तू." त्यांनी एक मिरची उजेडात धरली आणि वाईट ढिगात टाकली. "मी रडनू नही. मिरची निवडी ऱ्हायनू व्हतू. डोयानं पानी मिरचीनं व्हतं. ते काढी टाक."

आठ वर्षांत सुचवल्या गेलेल्या शेकडो दुरुस्त्यांपैकी ज्या दुरुस्तीने कादंबरी सुधारली, ती ही एकच. अमृत यांनी तत्काळ वाक्य काढले. दुसऱ्या आवृत्तीसाठी पन्नालालजींकडे गेले. पन्नालालजींनी पान वाचले, मान डोलावली आणि नियम सांगितला.

"दुरुस्ती आहे. सही पाहिजे."

"पन्नालालजी, या पानावर यादी नाही. आबा वाचतील."

"हो. वाचतील."

परिस्थिती स्पष्ट होती. सही नाकारली गेली असती, तर दुसरी आवृत्ती नव्हती. आणि पहिल्या आवृत्तीत काय आहे हे रनाळ्यात कळल्यावर अमृत यांना त्या ओट्यावर पुन्हा चहा मिळाला असता की नाही, याबद्दल मी पैज घेतली नसती. न जाण्याचा पर्यायही होता. मग पुस्तकात धनुबाई कायमच्या रडत राहिल्या असत्या.

आम्ही सकाळी दहाला रनाळ्याला पोहोचलो. गिरधर आबांनी कागद घेतला आणि नावे शोधली. नव्हती. कागद उलटून पाहिला, कोरा. मग, चौऱ्याहत्तर वर्षांत बहुधा प्रथमच, त्यांनी छापील मजकूर वाचण्यास आरंभ केला. दुसऱ्या ओळीत 'धनुबाई' होते. बोट तेथे थांबले. मग पुढे सरकले. एका पानास सहा मिनिटे लागली. ते पुन्हा वरून सुरू झाले. पाच मिनिटे. शोभाबाई दारात उभ्या होत्या. अमृत जमिनीकडे पाहत होते, जणू तिचा सामू नजरेने कळतो.

"पहिले काय व्हतं अठे?" आबांनी विचारले.

"ती रडनी, अशे व्हतं."

आबांनी पेन मागितले. लाल नव्हे, निळे.

"नही रडनी ती," ते म्हणाले. "मी व्हतू तठे."

सही झाली. नेहमीपेक्षा किंचित वाकडी आली. कागद परत देताना त्यांनी, कोणाकडेही न पाहता, एवढेच विचारले: "बाकीना पानं कठे शेतस?" प्रत त्यांच्याच कपाटात, आहेराच्या टॉवेलाखाली होती. शोभाबाईंनी ती आणून दिली.

हा वृत्तान्त मी आजवर छत्तीस सुशिक्षित व्यक्तींना सांगितला आहे. सर्वांना रनाळ्याच्या भाऊबंदांचे मनापासून हसू आले. धुडकू आप्पांची पहाट विशेष लोकप्रिय आहे. हसणे संपल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुमच्या घरच्या शेवटच्या पत्रिकेत कोणाचे नाव नव्हते? चौतीस जणांनी "आमच्याकडे तसे काही नाही" असे उत्तर दिले, आणि सरासरी दोन सेकंदांत दिले. उरलेल्या दोघांनी विषय बदलून पाणी मागितले. इतक्या त्वरेने आणि इतक्या एकमताने उत्तर मिळते, ते केवळ न तपासलेल्या गोष्टीचे.

वहीत सदतिसावी ओळ मी आखून ठेवली आहे. दोन सेकंद तर केव्हाच होऊन गेले. आता सावकाश आठवा.